सगळ्या शाखांत आईंचा आवाज

थोरली सून सांगितलेलं ऐकत नाही, ही बाईंची तक्रार आजची नव्हती. ती लग्न होऊन आली तेव्हाच बाईंनी तिला समोर उभं करून सांगितलं होतं की शर्टाला इस्त्री करताना आधी पाठ घ्यायची, मग बाह्या, कॉलर सगळ्यात शेवटी. थोरलीने मान हलवली, "बरं आई" म्हणाली, आणि कॉलरपासून सुरुवात केली. बाईंनी ती कॉलर उलटीपालटी करून पाहिली, नखाने टोकं दाबली, उजेडात धरली. काही सापडेना, तेव्हा म्हणाल्या, "घाई दिसतेय."

तेव्हापासून हे असंच चाललं होतं. खिडकी उघड म्हटलं की ही दार उघडणार. साबण कमी टाक म्हटलं की पाणी वाढवणार. आणि तोंडावर कायम "बरं आई".

"भांडखोर सून परवडली," बाई म्हणायच्या. "निदान भांडता तरी येतं. हिच्याशी भांडायला जावं तर ही 'बरं आई' म्हणून मोकळी, आणि भांडण आपलं हातात धरून मी उभी."

बाईंचा धंदा लाँड्रीचा. नवरा असताना कोळशाच्या एका इस्त्रीवर सुरू केलेला, आता शहरभर शाखा पसरल्या होत्या. बाईंना सही करता येत होती आणि पाटी वाचता येत होती, त्यापुढे शाळेचं आणि त्यांचं जमलं नाही. पण कापडावरचा डाग कशाचा आहे, आणि गिऱ्हाईक तो कशाचा म्हणून सांगतंय, हे दोन्ही त्या लांबूनच ओळखायच्या. मुख्य दुकानात काउंटरच्या मागे, एका पायरीवर, त्यांची उंच पाठीची खुर्ची होती. त्या खुर्चीतून दार, काउंटर, इस्त्रीची टेबलं आणि गल्लीतली समोरची लाँड्री, सगळं एकाच नजरेत बसायचं.

आता त्या खुर्चीत चढताना गुडघे कुरकुरायला लागले होते. आणि खुर्ची द्यायची कुणाला, हा प्रश्न घरात सगळे टाळत होते. थोरला मुलगा गाडीवर. शाखाशाखांतून कपडे ने-आण करायचा, गाडीतून उतरवलं की माशासारखा तडफडायचा. धाकटा कॉम्प्युटर शिकलेला. सगळ्या शाखांतली मशिनं एकमेकांना जोडून तो त्या तारांच्या गुंत्यात सुखाने राहत होता. घरात त्याचं नावच तारवाला पडलं होतं. राहिली थोरली. ती नदीपलीकडची शाखा सांभाळायची, आणि ती शाखा अशी चालायची की लोक पूल ओलांडून तिकडे कपडे टाकायला जायचे.

गेल्याच आठवड्यात थोरलीने नवऱ्याच्या तोंडी निरोप धाडला होता. आईंनी एकदा माझ्यासमोर, स्वतःच्या तोंडाने म्हणावं की माझं काम चांगलं आहे. मग मी येते आणि त्यांची खुर्ची सांभाळते. नाहीतर या महिनाअखेरीला पलीकडे माझी स्वतःची पाटी लावते.

थोरल्याने निरोप दिला आणि गाडीत जाऊन बसला.

"मग म्हण ना," तारवाला म्हणाला. "एवढं एक वाक्य. तोंड दुखणार आहे का?"

"सवय नाही," बाई म्हणाल्या, आणि विषय घडी घालून ठेवून दिला. पण रात्री कूस बदलताना तो उलगडायचाच. थोरली गेली तर पलीकडची गिऱ्हाइकं जाणार, तिने हाताखाली तयार केलेल्या पोरी जाणार, आणि या खुर्चीत शेवटी तारवाल्याच्या तारा बसणार.

अशातच ते आवाजाचं निघालं.

तारवाल्याने प्रत्येक शाखेत काउंटरवर स्पीकर बसवले होते. कपडे तयार झाले की मशीन गिऱ्हाइकाला हाक मारायचं. ही हाक कुठल्याशा विकतच्या बाईच्या आवाजात होती, आणि बाईंना ती अजिबात पटत नव्हती.

"सर्दी झाल्यासारखी बोलते ही," त्या म्हणाल्या. "आणि 'कृपया' कशाला? कपडे त्यांचे, नेणार तेच. आपण काय भीक मागतोय का?"

"मग तुझा आवाज घालू या," तारवाला म्हणाला. त्याला वाटलं आई चिडेल. आई पदर सारखा करून बसली.

"सगळ्या शाखांत ऐकू जाईल?"

"सगळ्या. हे बघ, इथे माझ्या मशिनीवर हा एक खण आहे. सगळ्या शाखांत जे जायचं ते मी इथे ठेवतो. दुपारी जेवणाच्या सुट्टीत लाइन मोकळी असते, तेव्हा या खणात जे असेल त्याचा गठ्ठा बांधून मशीन आपणहून धाडतं. प्रत्येक शाखेत एक मोठं मशीन आहे, ते तो उतरवून घेतं, आणि मग तिथल्या तिथे सगळ्या काउंटरांना वाटतं. म्हणजे इथून एकदाच पाठवायचं."

"कळलं. आपल्या मावशीसारखं," बाई म्हणाल्या. "तिला एकीला सांगितलं की पुढचं ती बघते."

"तसंच. फक्त मशीन स्वतःचं काही घालत नाही. जे दिलं ते जसंच्या तसं."

तर सकाळच्या कामातून वेळ काढून तारवाल्याने टेबलावर माइक ठेवला, लाल दिवा लागला, आणि बाईंनी घसा साफ करून सांगितलं, "तुमचे कपडे तयार आहेत. पावती दाखवा, मोजून घ्या, आणि काउंटरवर गर्दी करू नका."

झकास झालं. तारवाल्याने बटणाकडे हात नेला.

इथे या घरातला एक नियम सांगायला हवा. आई बोलत असताना तिला मध्ये तोडायचं नाही. बाईंच्या नवऱ्याने तो जन्मभर पाळला. एका दाताच्या डॉक्टरने मोडायचा प्रयत्न केला होता, तर बाईंनी दात ठेवला आणि डॉक्टर बदलला. तेव्हा तारवाल्याचं बोट बटणावर टेकलं आणि तिथेच थांबलं, कारण आई अजून बोलत होती. इस्त्रीवाल्याने तेवढ्यात एक शर्ट दाखवायला आणला होता.

"ही कॉलर आहे की वाळलेलं पान?" बाई त्याला म्हणत होत्या. "थोरलीच्या हातची कॉलर बघून ये एकदा. बोट फिरवलं तर बोटाला लाज वाटावी. आपल्या सगळ्या शाखांत तिच्यासारखा हात कुणाचा नाही. माझाही नव्हता, खोटं कशाला बोलू? पण तिला सांगायचं नाही हं कुणी. कळलं तर डोक्यावर बसेल."

मग बाई गप्प झाल्या. मग तारवाल्याने बटण दाबलं.

"शेवटचं कापून टाकतो," तो हसत म्हणाला आणि सगळं उचलून त्या खणात ठेवलं, कारण कापायचं अवजार तिथेच होतं.

"आधी जेवायला चल."

"आई, एवढं कापतो आणि येतो. गठ्ठा जायची वेळ—"

"पान वाढलंय. गठ्ठा काय पळून जाणार आहे?"

तारवाला उठला. आईला मध्ये तोडायचं नाही तसंच आईने वाढलेलं पान थंड होऊ द्यायचं नाही, हाही नियमच होता.

ते जेवत होते आणि गठ्ठा पळाला.

जेवणानंतर दुकान उघडलं. काउंटरवर एक पेन्शनर उभे होते, स्वच्छ माणूस, दर आठवड्याला तेच पांढरे शर्ट. बाई मागच्या खोलीत हात पुसत होत्या. तेवढ्यात त्यांना आपलाच आवाज ऐकू आला. पावती दाखवा. मोजून घ्या. बाईंनी कान टवकारले. आवाज भारदस्त आला होता. गर्दी करू नका. आणि मग, जरा आरामात बसल्यासारखा, आवाज पुढे म्हणाला, ही कॉलर आहे की वाळलेलं पान.

पेन्शनरांनी आपल्या कॉलरला हात लावून पाहिला.

बाई बाहेर आल्या तोवर आवाज "माझाही नव्हता" पर्यंत पोचला होता. काउंटरवरच्या मुलीने तोंडात रुमाल कोंबला होता. "हे बंद कर," बाई म्हणाल्या.

"बटण नाही," मुलगी रुमालातून म्हणाली. "पोरी आवाज कमी करतात म्हणून तुम्हीच काढायला लावलंत."

"पण तिला सांगायचं नाही हं कुणी," स्पीकर म्हणाला.

"नाही सांगणार," पेन्शनर गंभीरपणे म्हणाले. "पण ही थोरली कुठल्या शाखेत बसते? पुढच्या खेपेला तिकडे द्यावेत म्हणतो."

बाई तारवाल्याच्या खोलीत शिरल्या तेव्हा तो पडद्यासमोर कपाळावर हात मारून बसला होता. फोन वाजत होते. बसस्टँडजवळच्या शाखेतून विचारत होते की हे मुद्दाम आहे का. बाजारातल्या शाखेत गिऱ्हाइकं पावती नसताना नुसती ऐकायला थांबली होती.

"परत बोलाव तो गठ्ठा."

"गेलेला परत येत नाही, आई. त्याच्यामागून दुसरा धाडायचा, तो पहिल्याला पुसून टाकतो. धाडला मी. पण घाईत गठ्ठ्याचा नंबर बदलायला विसरलो. सगळी मशिनं म्हणाली, हा नंबर आम्हाला मिळालाय, नको."

"माझ्यासारखं तोडून बोलायला लागली की," बाई म्हणाल्या. "मग?"

"आता नवा नंबर घालून धाडलाय. एकेक शाखा घेतेय. थोड्या वेळात सगळीकडे सरळ होईल." तो थांबला. "पलीकडची सोडून."

बाईंनी कोपऱ्यातली खुर्ची ओढली.

"तिकडची लाइन बारीक आहे," तारवाला सांगू लागला. "पहिलाच गठ्ठा अजून उतरतोय. जवळजवळ झालाय. आणि पहिला पुरता उतरल्याशिवाय दुसरा घ्यायचा नाही, असा मी नियम घालून ठेवलाय. अर्धवट काम कुठे राहू द्यायचं नाही म्हणून तूच म्हणाली होतीस."

"मी म्हणते आणि तू ऐकतोस, हेच चुकतं तुझं. मधेच तोडायला काही इलाज?"

"तिथलं मोठं मशीन कुणी आत्ता बंद केलं तर. अर्धा उतरलेला टाकून देईल आणि चालू केल्यावर नवाच घेईल. पण तिथे वहिनीच असणार. मी फोन केला तर का म्हणून विचारतील, आणि मला खोटं बोलता येत नाही."

"बापावर गेलास," बाई म्हणाल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडायला लागला. "फोन लाव. मीच बोलते. अरे, तिला बंद कर म्हटलं तर ती चालू ठेवील. तेव्हा बंद कर म्हणायचंच नाही."

फोन लागला. सासूसुनेचं बोलणं कित्येक दिवसांत झालं नव्हतं; निरोप गाडीतून जायचे आणि गाडीतून यायचे.

"अगं, मी बोलतेय."

"बोला आई."

"तिकडे कपाटाखाली ते मोठं मशीन आहे ना, ते चालूच ठेवायचं. काही झालं तरी बंद करायचं नाही. बजावून सांगतेय."

पलीकडे इस्त्री खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बरं आई."

बाईंनी फोन ठेवला आणि खुर्चीला टेकल्या. "झालं काम," त्या म्हणाल्या. "आता बघ, पहिल्यांदा जाऊन बटण बंद करील. सुनेला ओळखायला शिकायचं असतं, ते तुमच्या कॉलेजात नाही शिकवत."

तारवाला पडद्याकडे बघत होता. "अजून उतरतोय."

"जाईल. इस्त्री हातावेगळी करून जाईल."

"आई, थेंबभर राहिलाय."

बाईंनी पुन्हा फोन लावायला लावला. "काय गं, चालू आहे ना मशीन?"

"हो आई. तुम्ही सांगितलंत ना," थोरली म्हणाली, आणि आवाजात लबाडीचा मागमूस नव्हता. "प्लगला कुणाचा पाय लागू नये म्हणून पुढ्यात स्टूल ठेवलंय. तुम्ही आपण होऊन फोन केलात, एवढं बजावून सांगितलंत. म्हटलं, महत्त्वाचं असणार."

बाईंनी फोनवर हात ठेवला. "इतकी वर्षं," त्या तारवाल्याला म्हणाल्या, "इतकी वर्षं मी वाट बघितली, ही एकदा तरी सांगितलेलं ऐकेल म्हणून." मग हात काढून फोनमध्ये म्हणाल्या, "आणि बंद कर म्हणाले तर?"

"तर का म्हणून विचारीन."

बाई पडद्याकडे वळल्या, आणि तारवाल्याने डोळे मिटून मान हलवली: उतरला. तेवढ्यात फोनमधून, थोरलीच्या पाठीमागून, एक भारदस्त आवाज म्हणाला, "तुमचे कपडे तयार आहेत."

"अगं ऐक," बाई घाईने म्हणाल्या, "साबण आहे का तिकडे? पुरेसा आहे का? आणि हँगर? हँगर वाकलेत म्हणत होता थोरला. आणि नळ गळत होता तो करून घेतलास का कुणाकडून? आणि ते पडदे, त्या डॉक्टरीणबाईंचे, ते गरम पाण्यात घालू नका, त्यांचा रंग जातो—"

"आई, जरा थांबा," थोरली म्हणाली. "इथे एक बाई बोलताहेत."

आणि बाई थांबल्या. जन्मात पहिल्यांदा त्यांना कुणी बोलता बोलता तोडलं होतं, आणि तेही त्यांच्याच आवाजासाठी. फोन कानाला तसाच राहिला. त्यांनी शब्द न शब्द ऐकला. बोटाला लाज वाटावी. सगळ्या शाखांत तिच्यासारखा हात कुणाचा नाही. माझाही नव्हता. पण तिला सांगायचं नाही हं कुणी.

पलीकडच्या दुकानात आधी सगळं चिडीचूप झालं, मग कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच. थोरली हसली नाही.

"बरं आई," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

"आता दुसरा गठ्ठा जाऊ दे लवकर," बाई खोल गेलेल्या आवाजात म्हणाल्या. "निदान दुसऱ्यांदा वाजायला नको."

तारवाल्याने पडद्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि ओठ दाबून धरले. "नाही जाणार. वहिनींनी आत्ता मोठं मशीन बंद केलं."

"आत्ता?"

"आत्ता. काउंटरांवर वाटून झालंय, ते वाजत राहील. नवा घ्यायला मोठं मशीन चालू नाही."

काउंटरवरच्या मुलीला पुन्हा रुमाल लागला.

उन्हं उतरली तेव्हा गाडी दारात उभी राहिली. थोरला उतरला नाही. काच खाली करून त्याने एकदा आत डोकावून पाहिलं आणि काच वर केली. थोरली उतरली. पेन्शनर, जे मघाशीच घरी जायला हवे होते, बाकावर सरकून बसले.

बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. "दुकान कुणावर टाकून आलीस?"

"पोरी आहेत. आज गर्दी आहे तिकडे. लोक ऐकायला येताहेत."

"मशीन का बंद केलंस? चालू ठेव म्हणून बजावलं होतं."

"ठेवलं होतं की, लागेल तेवढं." थोरली काउंटरच्या अलीकडे उभी राहिली. "आई, मी म्हटलं होतं माझ्यासमोर म्हणा. ते सगळ्या गावाने ऐकलं, पेन्शनरकाकांनी ऐकलं. मला सांगायचं नाही असंच त्यात आहे. ते मी धरत नाही."

"आवाज माझाच होता."

"होता. पण तुम्ही तिकडे तोंड करून बोललात." तिने इस्त्रीच्या टेबलाकडे हात केला. "महिनाअखेर आलीय. पाटी रंगवायला दिलीय मी. नाव तेवढं राहिलंय त्यावर घालायचं. काय घालायचं ते विचारायला आले."

तारवाल्याने आईकडे पाहिलं. बाईंनी हात लांब करून इस्त्रीवाल्याचा तो सकाळचा शर्ट ओढला, वाळलेल्या पानाच्या कॉलरचा, आणि काउंटरवर टाकला.

"हे नीट कर. आधी पाठ, मग बाह्या, कॉलर शेवटी."

"बरं आई," थोरली म्हणाली. तिने पाण्याचा हात फिरवला, इस्त्री टेकवली आणि कॉलरपासून सुरुवात केली.

दुकानात वाफेचा तेवढा आवाज होता. टोकाकडून मधे, पुन्हा टोकाकडून मधे, हलक्या हाताने. शर्ट झाल्यावर तिने तो घडी न घालता बाईंपुढे धरला. बाईंनी कॉलर उलटीपालटी केली. नखाने टोकं दाबली. उजेडात धरली. पेन्शनर बाकावरून अर्धे उठले होते.

बाईंनी शर्ट खाली ठेवला. खुर्चीच्या हातांवर भार टाकून त्या उठायला लागल्या. तारवाला पुढे झाला, त्याला त्यांनी नजरेनेच मागे सारलं. उठल्या, पायरीवरून उतरल्या, आणि खुर्ची मोकळी सोडून सुनेच्या अगदी समोर येऊन उभ्या राहिल्या. तोंड तिच्याकडे होतं, दुसरीकडे कुठेही नाही.

"काम चांगलं आहे तुझं," बाई म्हणाल्या. "वागणं नाही. चढ वर, बस. आणि ते पलीकडचं मशीन आता बंदच राहू दे, खबरदार चालू केलंस तर."